भागमीमांसक : चिंचपोकळीतील एक प्रेक्षकप्रकार

ज्या मालिकेत खून खरा असतो, पण त्याचा तपास करणारा इसम हास्यास्पद असतो, तिला विनोदी गुप्तहेरमालिका म्हणावे, अशी या प्रकाराची कामचलाऊ व्याख्या करता येईल. अशी मालिका लोक हसण्यासाठी पाहतात हा निर्मात्यांचा समज इतरत्र खरा असेलही. परंतु मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्यामध्ये वसलेल्या चिंचपोकळीत असा एक प्रेक्षकप्रकार नांदत आला आहे, की जो मालिकेच्या प्रत्येक भागाकडे सत्र न्यायालयापुढच्या खटल्याच्या गांभीर्याने पाहतो, संपूर्ण भाग कपाळाला आठी घालून संपवतो आणि त्यानंतर दोन दिवस त्यावर निकालपत्र वाचत राहतो. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला येथे भागमीमांसक म्हटले आहे. कथा पुढे कुठे जाणार याच्याशी त्याला कर्तव्य नसते. झालेल्या भागात कोणाचे काय चुकले, एवढाच त्याचा विषय असतो.

या प्रकाराचा उगम शोधताना दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तरी चाळीतल्या खोल्यांपर्यंत संच पोहोचायला बराच काळ जावा लागला. आणि तो पोहोचू लागला त्याच सुमारास, 18 जानेवारी 1982 पासून, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपामुळे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामाविना राहिले. 1985 साली पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद' दूरदर्शनवर आली, तेव्हा पाळीचा भोंगा ऐकण्याची सवय न सुटलेली, पण पाळी नसलेली माणसे गॅलरीत मोठ्या संख्येने बसलेली होती. त्यांतला जो फोल्डिंग खात्यात, म्हणजे विणून तयार झालेले कापड तपासून घड्या घालण्याच्या खात्यात, उमेदीची वर्षे काढून आला होता, तो या कामाला सर्वांत लायक ठरला. कारण ताग्यातला तुटलेला धागा जसा त्याच्या नजरेतून सुटत नसे, तसाच कथेतलाही सुटेना. कापडात दोष सापडला की ताग्याचा भाव उतरे. कथेत सापडला की मीमांसकाचा भाव चढे, एवढाच फरक.

पंकज कपूर यांनी साकारलेला करमचंद काळा चष्मा लावी, सतत गाजर खाई आणि सहायिका किटीने कौतुक केले की तिला गप्प करी. सर्वसामान्य प्रेक्षकाने हे गाजर विनोदाचे साधन म्हणून स्वीकारले. मीमांसकाने ते पुरावा म्हणून दाखल करून घेतले आणि त्यावर उपस्थित केलेले प्रश्न आजही अनुत्तरित आहेत: गाजर धुतले होते काय, उन्हाळ्यात चांगले गाजर लालबागच्या मंडईत मिळत नाही, ते या गृहस्थाला रोज कोण आणून देते, आणि एकाही अशिलाकडून पैसे घेताना न दिसणारा माणूस भाजीवाल्याचा हिशेब कसा भागवतो. "खून राहू दे बाजूला, आधी याचं पोट कशावर चालतं ते दाखव म्हणावं," हे त्याचे आवडते विधान असून, बेकारीच्या त्या वर्षांत ते वाटते तितके विनोदी नव्हते. घटनास्थळी गाजर खाल्ल्याने ठशांची नासाडी होते, हा त्याचा आक्षेप मात्र कोणाही तपास अधिकाऱ्याने मान्य करावा इतका बिनतोड आहे.

गुन्हेगार ओळखण्याची त्याची पद्धत निराळी आहे. रहस्यकथेत प्रेक्षकाची दिशाभूल करण्यासाठी एक निरपराध माणूस मुद्दाम संशयास्पद दाखवला जातो, हे त्याला लहानपणीच कळलेले असते. कारण हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्णाळकरांची पुस्तके त्याने भाड्याने आणून रात्री जिन्यातल्या दिव्याखाली वाचलेली असतात. त्यामुळे जो संशयास्पद दिसतो तो निर्दोष, हा त्याचा पहिला नियम. जो निर्दोष दिसतो तो लेखकाने आपल्यासारख्या जाणत्यासाठी मुद्दाम तसा ठेवला, म्हणून तोही निर्दोष, हा दुसरा. या दोन नियमांनंतर खून करायला कोणीच उरत नाही. तेव्हा तो नोकर, डॉक्टर आणि पुतण्या अशी तीन नावे एकदम जाहीर करतो आणि त्यांतले एक खरे निघाले की उरलेली दोन आपण बोललोच नव्हतो, असे शांतपणे सांगतो.

शेरलॉक होम्सला वॉटसन आणि अर्णाळकरांच्या धनंजयला छोटू लागतो, म्हणजेच गुप्तहेराच्या बुद्धीचे माप प्रेक्षकाला कळावे म्हणून शेजारी एक चकित होणारा माणूस उभा करावा लागतो, हा या वाङ्मयप्रकाराचा जुना संकेत आहे. मीमांसकाचेही अशा माणसावाचून भागत नाही. चाळीत ही जागा बहुधा अँटेनावाला मुलगा भरून काढी. चित्र हलू लागले की त्याला कौलांवर किंवा गच्चीवर धाडले जाई, तिथून तो "आलं का?" असे ओरडे, खालून "आलं होतं, गेलं, डावीकडे घे रे" असे उत्तर जाई आणि या संवादात मूळ संवाद बुडून जात. मुलगा खाली येईपर्यंत भाग संपलेला असे, साहजिकच "नाना, शेवटी खुनी कोण निघाला?" हे त्याला मीमांसकालाच विचारावे लागे. नाना दिग्दर्शकाने दाखवलेला शेवट सांगत नसत. दाखवायला हवा होता तो सांगत. त्यामुळे ज्यांच्या लेखी करमचंदने वर्षानुवर्षे भलतेच लोक पकडले, अशी एक पिढी चिंचपोकळीत वाढली, आणि तिची ती समजूत पुनःप्रक्षेपणानेही दुरुस्त झाली नाही.

गुन्ह्याच्या विषयातला आपला अधिकार मीमांसक भौगोलिक कारणांवर उभा करतो. आर्थर रोडचा तुरुंग पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने कैदी, हवालदार आणि जामिनासाठी धावणारे नातलग यांची ये-जा तो जन्मापासून पाहत आलेला असतो. या शेजाराची तो पदवी मानतो. पडद्यावर बेडी चुकीच्या हाताला घातली की त्याला शारीरिक क्लेश होतात, आणि भागाच्या शेवटी खुनी सर्वांसमक्ष गुन्हा कबूल करतो तेव्हा तो टीव्हीला पाठ फिरवतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही हे त्याला ठाऊक असते. कायदा त्याच्या बाजूने आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्याच्या निकालाविरुद्धचे अपील मात्र सकाळी नळावर चाले आणि ते या सर्व चर्चेत अधिक समंजस होते. गिरणगावातल्या अनेक बायका खानावळी चालवून पुरुषांना जेवू घालत आणि संपानंतर कित्येक घरांचा भार त्यांच्यावरच पडला. अशाच खानावळवाल्यांच्या संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. या बायकांना गाजराचे काही वाटले नाही. त्यांचे लक्ष सुष्मिता मुखर्जी यांनी रंगवलेल्या किटीवर होते. "सगळी धावपळ ती करते, बोलायला गेली की हा म्हणतो गप्प बस, आणि शेवटी शहाणा कोण, तर हा," असा नळावरचा अभिप्राय होता. घरात बसून सल्ले देणारा आणि श्रेय घेणारा पुरुष पाहायला त्यांना दूरदर्शनची गरज नव्हती, ही त्यामागची पार्श्वभूमी. दूरदर्शनच्या त्या काळावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या मालिकेविषयी यापेक्षा नेमके विधान क्वचितच सापडेल. मीमांसकापर्यंत ते पोहोचले तेव्हा त्याने "बायकांना विनोद कळत नाही" असा शेरा मारला. स्वतः त्या भागात एकदाही न हसलेल्या माणसाने तो मारला, हे ध्यानात घ्यावे.

1998 साली सोनी वाहिनीवर 'सीआयडी' सुरू झाली. ती करणाऱ्यांनी गंभीरपणे केली होती. तिला विनोदी मालिकांत घालण्याचा निर्णय मीमांसकाने एकतर्फी घेतला. तीत काम करणाऱ्या शिवाजी साटम यांच्याविषयी त्याला ममत्व होते, कारण मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी पोलीसमालिकेपासून तो त्यांना आपल्यातले मानत होता. परंतु तीतला इन्स्पेक्टर दया प्रत्येक दार तोडतो, हे चाळीत दिवसभर उघड्या दारांमध्ये राहिलेल्या माणसाला पटेना. दार तोडण्यापूर्वी कडी लावली आहे की नाही हे ढकलून पाहावे आणि सागवानी दाराची भरपाई कोणत्या खात्यातून होते ते दाखवावे, अशा त्याच्या दोन मागण्या होत्या. 2004 साली या मालिकेने 111 मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही न थांबता एकाच चित्रणात केला, तेव्हा मीमांसकाने तो जोड शोधण्यासाठी पाहिला, कॅमेरा खांबामागून गेला की "इथं कापलं" अशी नोंद केली आणि खून कोणाचा झाला हे त्याला शेवटपर्यंत समजले नाही. 2006 साली करमचंद नव्या किटीसह परतला. तो पाहून मीमांसकाने जुन्या मालिकेला निर्दोष ठरवले, आणि वीस वर्षे लढवलेला गाजराचा खटला एका वाक्यात मागे घेतला.

आता त्याच्या चाळीच्या जागी टॉवर आला आहे, दारे खरोखरच बंद असतात, आणि डिसेंबर 2024 मध्ये 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली ती नातू कानात यंत्र घालून मोबाइलवर पाहतो, त्यामुळे आजोबांची मीमांसा त्याला ऐकू जात नाही. तरीही हा प्रकार नामशेष झालेला नाही. चिंचपोकळी स्थानकावर फक्त धीम्या गाड्या थांबतात आणि पुलाजवळ किंवा 1920 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक उत्सव मंडळाच्या आसपास संध्याकाळी तो अजूनही भेटतो. वाचकाची गाठ पडल्यास कालचा भाग आवडला असे त्याला चुकूनही सांगू नये. "पाहिला नाही" एवढेच म्हणावे आणि येईल ती गाडी पकडावी.