रकानेवाले साहेब

मुलाखत म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च, असं भरतीवाल्या साहेबांचं ठाम मत. माणूस कळतो तो रकान्यांतून. पहिली कमाई कितव्या वर्षी केलीत? शाळेत मॉनिटर होतात? भावंडांत कितवे? विमा विकायच्या नोकरीसाठी आलेला पोरगा घाम पुसत खुणा करतो आणि साहेब काचेआडून त्याची बेरीज मांडत असतात.

विषय निघाला की साहेब थेट दुसऱ्या महायुद्धात शिरतात. अमेरिकी हवाई दलाकडे वैमानिक निवडायला चाचण्यांचा गठ्ठा होता; पण प्रशिक्षणात कोण टिकेल, हे जवळपास तितक्याच नेमकेपणाने एकटा एक प्रश्न सांगायचा. 'तुम्ही कधी खेळण्यातलं विमान बनवलंत का, जे उडालं?' 'उडालं'वर टेबलावर मूठ आपटते. प्रश्न झकासच आहे, यात वाद नाही. तो घडलेली गोष्ट विचारतो. 'तुम्ही जिद्दी आहात का?' याला नोकरी मागायला आलेला कोण नाही म्हणेल?

साहेबांची रीतही पुस्तकातलीच. कंपनीतले चांगले विक्रेते एका बाजूला, रडतराऊ दुसऱ्या बाजूला. ज्या उत्तरात दोघांत फरक दिसेल त्याला गुण. फरक मोठा तर गुण जास्त. पुढच्या पानावर लिहिलंय, की हे गुण आता नव्या माणसांवर पडताळा. ते पान साहेबांच्या प्रतीत नसावं. ते त्याच जुन्या मंडळींना पुन्हा गुण देतात, चांगले विक्रेते वर येतात आणि ऑफिसात पेढे वाटले जातात. एवढे प्रश्न विचारल्यावर दोनचार नुसत्या योगायोगानेही जुळणारच. म्हणून तर आमच्याकडे सायकलला कॅरिअर असल्याचे 3 गुण आहेत.

संख्याशास्त्र शिकून आलेल्या एका मुलीने धीर केला. म्हणाली, "सर, विमानाच्या प्रश्नाचं ज्यांच्या नावाने सांगतात, त्याच एडवर्ड क्युरटननी 1950 साली थट्टा म्हणून एक परीक्षा रचली होती. 29 विद्यार्थी, आकडे टाकलेले बिल्ले. प्रत्येकाच्या नावाने बिल्ले खुळखुळवून टेबलावर ओतायचे, आकडा वर आला की बरोबर. मग हुशार मुलांच्या बाजूने पडलेले बिल्ले तेवढे निवडले, त्याच मुलांना गुण दिले, आणि ते त्यांच्या वर्गातल्या श्रेणीशी झकास जुळले!"

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, पण आपण बिल्ले कुठे टाकतो? आपण रीतसर फॉर्म भरून घेतो."

यंदाच्या तुकडीतले सर्वाधिक गुणवाले दिवाळीआधीच सोडून गेले. साहेबांनी निदान केलं : पोरांनी फॉर्म खोटे भरले. उपाय म्हणून फॉर्म 2 पानांनी वाढलाय.

तुमचा अर्ज तिकडे जाणार असेल, तर भावंडांच्या रकान्यात 'मधला' लिहा. सध्या त्याला 5 गुण आहेत.