वाटू दे की!

भाऊसाहेब कोण, हे सांगण्याची तसदी घेण्याचे कारण नाही. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक वऱ्हाडाच्या पहिल्या मोटारीत ते असतातच, नाव तेवढे निराळे असते. नवी मोटार दारात येऊन तिच्या चाकांखालचे लिंबू पुरते चिरडले जाते न जाते तोच कंपनीने बसवून दिलेला टेप ज्यांना अपमानास्पद वाटू लागतो, आणि जे लगोलग नाना पेठ गाठून सात इंची पडद्याचा, चालता-बोलता चित्रपट दाखवणारा स्टिरिओ बसवून घेतात, ते भाऊसाहेब.

या स्टिरिओच्या पाठीमागून तारांचा जो जुडगा बाहेर पडतो, त्यातील पिवळी तार थेट बॅटरीची, तांबडी किल्लीची आणि काळी अर्थिंगची. या तिघींविषयी भाऊसाहेबांची यत्किंचितही तक्रार नाही. त्यांचे वैर आहे ते फिक्कट हिरव्या तारेशी. यंत्र पायोनिअरचे असो वा केनवुडचे, ही तार हँडब्रेकच्या दांड्यापाशी दडलेल्या चिमुकल्या स्विचच्या तारेला नेऊन जोडावी, असे कंपनीचे फर्मान असते. दांडा ओढला म्हणजे तो स्विच आपली तार गाडीच्या सांगाड्याशी, अर्थात बॅटरीच्या ऋण टोकाशी, जोडून देतो, समोर तांबडा दिवा लागतो, आणि त्याच साक्षीवर स्टिरिओचीही खात्री पटते की गाडी उभी आहे, सबब चित्र दाखवण्यास हरकत नसावी. दांडा सोडला की साक्ष संपली. गाणे ऐकू येत राहते, परंतु पडद्यावर नायिकेच्या जागी इशारा झळकतो. मार्गाच्या नकाशाला मुभा आहे, गाडी मागे घेतानाच्या कॅमेऱ्याला आहे, मागच्या आसनांसाठी स्वतंत्र पडदा लावला तर त्यालाही आहे. मनाई आहे ती एकट्या चालकाच्या डोळ्यांना, आणि ही मनाई कंपनीने आपल्याला व्यक्तिशः ओळखून केलेली आहे, अशी भाऊसाहेबांची पक्की समजूत आहे.

स्टिरिओ बसवला जात असताना मी दुर्दैवाने तेथे हजर होतो. डॅशबोर्डच्या रिकाम्या खोबणीत कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या मिस्त्रीने मान वर न करताच विचारले, "साहेब, हिरवीला बॉडी अर्थ मारू ना?" प्रश्न केवळ उपचाराचा होता. उत्तर येण्यापूर्वीच त्याने त्या तारेचे टोक दातांनी सोलले, तांब्याचे केस दोन बोटांत फिरवून एकजीव केले, काळ्या तारेभोवती त्यांना पीळ दिला आणि वरून काळी टेप गुंडाळून तीही दातांनीच तोडली. हँडब्रेक बिचारा दोन हातांवर होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

"झालं!" भाऊसाहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाले. "आता ह्याला जन्मभर वाटत राहणार, की गाडी उभी आहे."

"आणि ती धावत असली तर?"

"वाटू दे की!"

या तीन शब्दांत भाऊसाहेबांचे अवघे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. त्यांच्या घरातील एकाही यंत्राला आपल्या खऱ्या परिस्थितीचा पत्ता नाही. पट्टा न लावल्यास कोकलणाऱ्या मोटारीच्या खाचेत त्यांनी नुसतीच एक क्लिप खोचून ठेवली आहे; मोटारीला वाटते की साहेबांनी पट्टा बांधला. वाटू दे की! (अशा क्लिपा विक्रीतून काढून टाकण्याचा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली पाच ऑनलाइन कंपन्यांना दिला, तेव्हा भाऊसाहेबांनी उरलेल्या आयुष्याची बेगमी अगोदरच करून ठेवलेली होती.) भिंतीवरच्या तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची लांब पिन शिरल्याखेरीज खालच्या दोन छिद्रांची झडप उघडत नाही, म्हणून ते वरच्या छिद्रात आगकाडी घालतात आणि दोन पिनांचा चार्जर खाली दामटतात, सॉकेटला वाटते, तिसरी पिन आली. वाटू दे की! दार उघडे राहिले की टींटीं करणाऱ्या फ्रिजचे बटण त्यांनी सफाईच्या दिवशी चिकटपट्टीने दाबून टाकले, आणि ती पट्टी आजतागायत तेथेच असल्यामुळे तो फ्रिज आपले दार सदैव बंद असल्याच्या भ्रमात काळोखात नांदतो आहे.

यंत्रे बनवणारेही काही स्वस्थ बसलेले नाहीत. पुढेपुढे काही स्टिरिओंनी केवळ अर्थिंगच्या एकतर्फी जबानीवर विसंबणे सोडले; दांडा ओढा, सोडा, पुन्हा ओढा, अशी क्रमवार रुजवात झाल्याविना ते चित्र सोडीनात. परंतु ही सारी हालचाल आपणच हुबेहूब वठवणारी आगपेटीएवढी डबी बाजारात यायला वेळ लागला नाही, आणि ती विकत घेणारांच्या रांगेत भाऊसाहेब कोठे उभे असतील, हे वाचकांनी सहज ओळखले असेल.

या गाडीतून पुण्याहून मुंबईस जाण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा ओढवला. पडद्यावर 'अशी ही बनवाबनवी' चालू होता. हा 1988 सालचा चित्रपट भाऊसाहेबांना मुखोद्गत असल्यामुळे विनोद येण्याआधीच ते हसत, आणि हसून झाल्यावर तो आपल्या अपेक्षेप्रमाणे आला की नाही, याची पडद्याकडे पाहून खातरजमा करीत. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर कापते, म्हणजे दोन सेकंदांची एक खातरजमा चव्वेचाळीस मीटरांना पडते, हा हिशेब मी त्यांना नम्रपणे ऐकवला, तेव्हा लुगड्यातल्या भाडेकरूंना बायका समजणाऱ्या घरमालकिणीकडे बोट करून ते उद्गारले, "बघा, हिला अजून काही पत्ता नाही!" चालकाने वाहन चालवताना चित्रपट पाहू नये, नकाशापुरताच काय तो अपवाद, असे 2017 चे वाहनचालनाचे केंद्रीय विनियम सांगतात, हेही मी निदर्शनास आणले. "सरकारला वाटतं, मी नकाशा बघतोय," भाऊसाहेब म्हणाले. पुढचे तीन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मीच मनात म्हटले.

मागच्या आसनावर वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. लोणावळ्यास चहाला उतरलो असता मी म्हटले, "वहिनी, अशा प्रवासात तुम्हाला झोप लागते, हे नवलच!" त्या शांतपणे म्हणाल्या, "कसली झोप, भावजी! सगळा रस्ता मी डोळे किलकिले करून बघत असते. ह्यांना वाटतं झोपलेय. वाटू दे."

हे व्यक्तिचित्र येथेच संपते तर माझी काही हरकत नव्हती. परंतु भाऊसाहेबांच्या खात्यावर एक रक्कम जमेचीही आहे, आणि ती नोंदवणे मला भाग आहे. त्यांचे वडील कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. हस्ताक्षर मोत्यासारखे आणि दफ्तर आरशासारखे ठेवणाऱ्या या गृहस्थांना अलीकडे विस्मृतीने घेरले आहे. दिवेलागणीच्या सुमारास ते पिशवी भरतात आणि वाईला निघण्याची घाई करू लागतात. वाईचे घर विकून कैक वर्षे लोटली, हे सांगितले की व्याकूळ होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी भरतात.

एका सायंकाळी मी सोसायटीच्या आवारातून येत असताना भाऊसाहेबांची मोटार जागच्या जागी उभी होती आणि आत बापलेक बसलेले होते. पडद्यावर रस्ता धावत होता. भाऊसाहेबांनी केव्हातरी पुण्याहून वाईपर्यंतची सारी वाट समोरच्या काचेतून चित्रित करून आणली होती: कात्रज, शिरवळ, खंबाटकीचा घाट. "सुरूर आलं का रे?" वडिलांनी विचारले. "हे काय, फाट्यावरच आलो, बाबा," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवल्यासारखे केले. मला पाहताच काच खाली करून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाबांना वाटतंय, गाडी चाललीये." पुढचे शब्द त्यांच्या घशातच राहिले. हँडब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता आणि तांबडा दिवा जळत होता.

भाऊसाहेबांविषयीचा माझा राग त्या दिवसापासून निम्मा झाला. उरलेला निम्मा मात्र मी जाणूनबुजून राखून ठेवला आहे. कारण त्या सायंकाळच्या प्रवासासाठी हिरव्या तारेला फसवण्याची गरजच नव्हती. गाडी खरोखर उभी होती, दांडा खरोखर ओढलेला होता. तार कंपनीने सांगितल्या जागी असती, तरी वाईचा रस्ता तितकाच सुरेख दिसला असता. तेव्हा आपल्या इमारतीतल्या भाऊसाहेबांना वाचकांनी एवढेच सांगावे, की नाना पेठेत पुन्हा एक खेप करून ती तार हँडब्रेकला जोडून घ्या. स्टिरिओला काय वाटते, फ्रिजला काय वाटते, याने कोणाचे बिघडत नाही. परंतु हातात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसालाही काही वाटत असते: समोरून येणाऱ्या मोटारीचा चालक आपल्याकडे पाहतो आहे, असे त्याला वाटते. ते मात्र नुसते वाटून भागत नाही. ते खरेच असावे लागते.