मा. भाव (प्रति चौरस फूट) यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. भाव, मुंबई महानगर प्रदेश.

विषय : नवी बांधकामे थंडावूनही खाली न उतरल्याबाबत.

मुंबईत नव्या घरबांधणीला २०१६ मध्ये खीळ बसली. त्या वर्षी २९ फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींची अवस्था पाहून महापालिकेला नव्या इमारतींना परवानगी देण्यास मनाई केली. पुनर्विकासासारखे काही अपवाद त्यातून सुटले. घरे बांधायची की नाही हे कचऱ्याने ठरवले. सर्वोच्च न्यायालयाकडून मार्च २०१८ मध्ये सशर्त, तात्पुरता दिलासा मिळाला. तोवर नोटाबंदीने व्यवहारातली ‘वरची’ रक्कम रद्दीत काढली होती आणि गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे महारेरा प्राधिकरणही आले होते. ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याच्या अटीमुळे एका प्रकल्पाच्या बुकिंगवर दुसरीकडे जमीन घेण्याची जुनी वाट बंद झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था अडचणीत आली आणि इतर वित्तसंस्थांनी बिल्डरांबाबत हात आखडता घेतला.

एवढे होऊनही मा. भाव यांनी कागदावरची जागा सोडली नाही. त्यांना आधार भक्कम होता. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकानुसार एक कोटीचा फ्लॅट बिल्डरने पंचाऐंशी लाखांना विकला, तर मधले पंधरा लाख आयकराच्या कलम ४३सीएनुसार त्याचे उत्पन्न ठरत. शिवाय तेच पंधरा लाख कलम ५६ खाली ग्राहकाचेही उत्पन्न ठरत. स्वस्ताईवर दोन्हीकडून कर लावणारी ही तरतूद काळा पैसा रोखण्यासाठी होती, हे विसरून चालणार नाही. त्यातच बँकेने कर्ज जुना भाव धरून दिलेले, आणि आधीच्या ग्राहकांना कपातीचा सुगावा लागला तर ते ऑफिसात येऊन बसणार. म्हणून बिल्डरने भावाला हात न लावता मॉड्युलर किचन दिले, वरच्या मजल्याचा जादा दर (फ्लोअर राइज) माफ केला आणि पार्किंग ‘बसून बोलू’वर सोडले.

जुना फ्लॅट विकणाऱ्याकडे यातले काहीच नव्हते. नवी घरे कमी बांधली गेली की जुन्यांना मागणी येते, हे पुस्तकात बरोबर आहे. जीएसटीचा फायदाही त्याच्याच बाजूने होता : बांधकाम सुरू असलेल्या घरावर १२ टक्के (एप्रिल २०१९ पासून ५), रीसेलवर शून्य. परंतु भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळून पडून राहिलेल्या नव्या फ्लॅटलाही जीएसटी लागत नाही. परिणामी दादरच्या तीस वर्षे जुन्या, लिफ्ट रुसणाऱ्या इमारतीतला विक्रेता थेट कोऱ्या इमारतीशी स्पर्धेत उतरला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने रेडी रेकनरखाली २० टक्क्यांपर्यंत विकण्याची मुभा दिली, तीही दोन कोटींपर्यंतच्या घराच्या पहिल्या विक्रीपुरती. रीसेलवाल्याची मुभा १० टक्क्यांवरच राहिली. मंदीतली सवलतही नव्या घरालाच.

खरी घसरण कुठे दिसलीच, तर ती रेती, सळई आणि टाइल्स पुरवणाऱ्यांच्या दारात. त्यांचा धंदा उधारीवर चालतो. काम थांबले की बिल थांबते, पण सिमेंट कंपनी डीलरसाठी थांबत नाही. अशा वेळी बिल्डर पैशांऐवजी फ्लॅटचे अलॉटमेंट लेटर हाती ठेवतो. सळईवाल्याला घर नको असते, रोकड हवी असते. तो ओळखीच्या ब्रोकरमार्फत ते बिल्डरच्या दराहून कमी दरात काढतो. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बिल्डरचा एक भाव आणि सळईवाल्याचा दुसरा. मा. भाव खाली उतरले ते असे, मागच्या जिन्याने.

पुढे करोनाकाळात राज्य सरकारनेच माघार घेतली. १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी घटले आणि डिसेंबरात मुंबईत सुमारे साडेएकोणीस हजार दस्त नोंदले गेले. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरने परवानगीसाठी भरायचे बांधकाम प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे झाले. ही सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट होती. बांधकाम पुन्हा सुरू झाले. सरकारने शुल्क सोडले, बिल्डरने किचन दिले, सळईवाल्याने नफा सोडला. मा. भाव यांनी काय सोडले, याचा खुलासा लेखी अपेक्षित आहे.

प्रत माहितीस्तव : दादरचा विक्रेता (अद्याप ग्राहकाच्या प्रतीक्षेत).