पांढरी पाचच्या जरा वर

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बटण दाबल्याबरोबर बोलत नाही. आधी काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड येतो, मग तापलेल्या धुळीचा वास सुटतो आणि थोड्या वेळाने बॉक्समधून पहिला सूर निघतो: घूंऽऽ. बेंजोला अजून कुणी हात लावलेला नसतो, माईक पिशवीत असतो, तरी मांडवातली पोरं "आला, आला" म्हणून नाचायला लागतात. महाड-पोलादपूरकडे प्रमुख पाहुणे उशिरा येतात. हा घूं मात्र वेळेवर हजर.

साउंडवाले त्याला 'हम' म्हणतात. पूर्वी नुसते कर्णे होते तेव्हा या हमची फारशी तक्रार नसे. कर्णा खालचे सूर गिळतो, त्यामुळे हम असला तरी गावाला ऐकू जात नसे. मोठे बॉक्स आले आणि त्याला कंठ फुटला. प्रगतीने आपल्याला बास दिला आणि त्याच्याबरोबर हाही दिला.

आपल्याकडे वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. रेक्टिफायर त्यातला उलटा अर्धा हेलकावा सुलटा करतो, म्हणून पॉवरच्या बाजूचा हम 100चा असतो. पेटीवर शोधलात तर पांढरी पाच सापडेल. पण खर्जातली पांढरी पाच 49 आणि 98वर बसते. म्हणजे आपला हम तिच्यापेक्षा किंचित चढा. तानपुरा समजून चालवून घ्यावा, तर तेवढ्याने बेसूर! बुवांनी मोठ्या मनाने पट्टी बदलून पांढरी पाच धरली, तरी हा श्रुती-दीड श्रुती वरच राहणार. अमेरिकेत वीज 60ची, त्यामुळे तिथला हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे लोंबकळतो. तिथल्या भजनी मंडळांची माझ्यापाशी काही माहिती नाही, पण सहानुभूती आहे.

जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर जगभर गिटारवाले जीव टाकतात. आमच्याकडे गिटारीची जागा बेंजोने घेतली आहे. जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य काढलं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं. पुढे त्याला पिकअप लागला आणि वरातीत, गणपतीत, गोविंद्यात त्याची बेंजो पार्टी झाली. 2016 साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. पण गिटार काय नि बेंजो काय, पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. ती वाद्याच्या तारेची थरथर पकडते, तशी शेजारच्या ट्यूबलाइटच्या चोकची कुरकुरही पकडते. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955मध्ये तोड काढली: उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या. दोघींना ऐकू आलेली कुरकुर एकमेकींना खोडते, सूर तेवढा शिल्लक राहतो. घराघरांत ही युक्ती चालती, तर किती बरं झालं असतं!

महाडच्या बाजारात एक मेकॅनिक काका आहेत. त्यांच्याकडे अ‍ॅम्प नेला की गिऱ्हाईक आधीच निदान सांगून मोकळं होतं, "काका, मेन कंडेन्सर गेलाय." काका म्हणतात, "अरे बाबा, आधी ऐकू तर दे." मग व्हॉल्यूम शून्यावर आणतात. हम गेला तर बिघाड बटणाच्या अलीकडे: लीड, जॅक, पिकअप नाहीतर पहिला व्हॉल्व्ह. हम तसाच राहिला तर पलीकडे, आणि मग कंडेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. त्या डब्यातलं द्रावण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतं. आषाढात आमच्याकडे दोरीवरचा टॉवेल आठवडाभर वाळत नाही, कंडेन्सर तेवढा वाळतो.

काका एकेक व्हॉल्व्ह उपसून पाहतात. ईसीसी 83 काढला आणि हम थांबला, की बिघाड त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या आधी. मागच्या फळीवर बेलचे, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, जुने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून ठेवलेले. आत हात घालताना दुसरा हात ते खिशात ठेवतात. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, आणि दोन्ही हात आत असले तर त्यांची वाट छातीतून जाते. दुरुस्त केलेला सेट ते थेट लाइनवर लावत नाहीत, आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे मधे एक बल्ब जोडून. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे.

22 जुलै 2021ला सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारात शिरल्या, तेव्हा कितीतरी यंत्रं बुडाली. पुरातला अ‍ॅम्प वरून धुऊन पुसून चकचकीत करता येतो, पण व्हॉल्व्हच्या बैठकीत गाळाचा पातळ थर राहिला की तो ओल धरतो आणि नको त्या वाटेने वीज झिरपते. असा सेट उन्हाळ्यात शहाण्यासारखा वागतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा घूं करतो. अशा वेळी काका जुना टूथब्रश काढतात.

मात्र बरेचदा हम यंत्रात नसतोच, मांडवात असतो. अ‍ॅम्पची वायर एका घरातून, कीबोर्डची दुसऱ्या घरातून. दोघांना दोन वेगळी अर्थिंग मिळतात, मधे सिग्नलची लीड, आणि फेरा पूर्ण होऊन घूं सुरू होतो. त्यात कुणाला तरी शोध लागतो की, अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन मोडली की हम गप्प. तो त्या रात्रीचा हिरो. पुढच्या वर्षी प्लगही जातो. सॉकेटमध्ये दोन उघड्या वायरी आणि काड्यापेटीच्या दोन काड्या.

बेंजोवाल्याने तारांना हात लावला की हम उतरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण तारा अ‍ॅम्पच्या चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात आणि त्याचं अंगही मग चेसिसला जोडलं जातं. चेसिसला अर्थिंग आहे तोवर हे ठीक. पण कित्येक जुन्या अ‍ॅम्पमध्ये मेन लाइन आणि चेसिस यांच्यामध्ये एक कंडेन्सर लावलेला असतो. तो शॉर्ट झाला आणि तिसरी पिन नसली, तर चेसिसवर आलेली लाइन त्याच तारांतून बोटांत येते.

तेव्हा मंडळांना एवढंच सांगणं आहे: सगळी यंत्रं एकाच बोर्डवरून घ्या, लीड मेनच्या वायरीपासून लांब ठेवा, एवढं करूनही हम उरला तर उरू द्या, पण तिसरी पिन मोडू नका. आमच्याकडे गणपती पावसात येतात, मांडवातली जमीन ओली असते आणि बेंजोवाला अनवाणी बसलेला असतो.