धनुष्याचं पोट शेकताना

विस्तवाबद्दल राजूरच्या माणसाला कोणी काही शिकवायला जाऊ नये. वणीजवळच्या या गावात जमिनीखालून कोळसा निघतो, जमिनीवर भट्ट्यांत चुनखडी भाजली जाते, आणि ही दोन्ही कामं बंद पडली तरी मे महिन्यात माणसं फुकटात भाजून निघतात. अशा गावात भर अंगणात निखारे पसरून लाकडी धनुष्य शेकायला बसणं म्हणजे तज्ज्ञांची सभा आपण होऊन बोलावणं.

धनुष्य आजोबांच्या जुन्या कावडीतून तासून काढलेलं. लाकूड धामणीचं, म्हणजे चिवट. झटका सोसायचा असो की वाकून पुन्हा सरळ व्हायचं असो, धामण मागे हटत नाही. पण कितीही गुणाचं लाकूड असलं तरी रोज ओढलं की हळूहळू थोडं वाकडंच राहायला लागतं. ओढताना बाहेरची पाठ ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. लाकूड ताण बराच सोसतं, दाब तेवढा सोसत नाही. थोडक्यात, चाळिशीनंतरच्या माणसांसारखं धनुष्यही आधी पोटाकडून बिघडतं. त्यावर उपाय म्हणजे पोट तेवढं शेकून कडक करायचं आणि पाठीला झळ लागू द्यायची नाही.

"काय करून रायला बे?" कॉलरीतून रिटायर झालेले शेजारचे काका कुंपणावरून वाकले.

"धनुष्य शेकतो, काका."

"कोनाले मारतं? वाघाले?"

आमच्या भागात वाघ दिसणं ही काही नवलाची बातमी नाही, त्यामुळे प्रश्न निव्वळ थट्टेचा नव्हता. उत्तराची वाट न पाहता काका खुर्ची घेऊन आले. पाठोपाठ चुनाभट्टीवरचा एक ओळखीचा गडी आला. त्याला माझ्या निखाऱ्यांची कीव आली. "भट्टीत टाकून देऊ ना भाऊ, एका रात्रीत पक्कं होते." चुनखडीचा चुना व्हायला नऊशेच्या आसपास अंश सेल्सिअस लागतात, लाकडाला दोनशेच्या आतबाहेर पुरतात. त्याच्या भट्टीतून माझं धनुष्य आलं असतं, पण कपाळाला लावण्यापुरतंच.

मग गुरुजी. त्यांनी थेट महाभारत काढलं. अर्जुनाला गांडीव मिळालं ते अग्नीनंच वरुणाकडून मागून दिलं, आणि त्या बदल्यात अख्खं खांडववन जाळून घेतलं. हा दुसरा भाग त्यांनी नेमका आईच्या देखत सांगितला. आईनं एकदा अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पाण्याची बादली आणून माझ्याशेजारी ठेवली.

काम मात्र फारच संथ. जाड फळीवर धनुष्य तारेनं जखडलेलं, उलट्या बाजूला किंचित बाक देऊन. पाठ फळीला, पोट निखाऱ्यांकडे, मध्ये वीतभर अंतर. एवढासा भाग तापवायचा, मग जरा पुढे सरकायचं. फिकट लाकूड आधी बदामी होतं, मग तपकिरी. धूर दिसला की लगेच उचलायचं. या शेकण्यानं लाकडातलं हेमिसेल्युलोज, म्हणजे पाणी धरून ठेवणारा भाग, मोडतो. लाकूड ताठ होतं आणि पावसाळ्यात पूर्वीइतकं सादळत नाही.

"झालं ना? आता मार एक बान," काका म्हणाले.

तेच तर करायचं नसतं. नुकतं शेकलेलं धनुष्य कोरडं ठाक असतं. ओढलं तर मोडतं. हवेतला थोडा ओलावा त्यानं परत प्यावा लागतो. आता मे महिन्यात राजूरच्या हवेत ओलावा कुठून आणायचा? म्हणून मृग लागेपर्यंत हात लावायचा नाही. जनकाच्या पेटीतलं धनुष्यही वाळूनच मोडलं असावं, अशी शंका मी बोलून दाखवली. गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, म्हणून ती तिथेच सोडली.

"म्हंजे आज काहीच पाहाले भेटत नाही?" सभेत घोर निराशा पसरली. गडी उठला, गुरुजींनी चप्पल शोधली.

तेवढ्यात आईनं चार वांगी आणून निखाऱ्यांत खुपसली. चप्पल पुन्हा निघाली. तासाभरानं भाकरीचा तुकडा भरतात बुडवत काकांनी माझ्या एकूण कामगिरीवर मत दिलं. "आच बराबर लावली होती पोट्ट्यानं."