शेवटच्या रांगेची माया

मोटारींच्या शर्यतीत पुढे कोण आहे हे पाहायला डोळे पुरतात. मागे कोण आहे आणि का आहे, हे समजायला मात्र जमाखर्चाची वही उघडावी लागते. म्हणूनच की काय, पुढच्या गाड्यांचे चाहते वेगाबद्दल बोलतात आणि मागच्या गाड्यांचे चाहते पैशाबद्दल. पुण्यात आम्हा चार जणांची रविवारची बैठक असते, तिच्यात हा दुसरा पंथच बळकट. फॉर्म्युला वनमधला अमुक एक संघ पुढचं वर्ष काढेल का, गाडीवर नवं कुणाचं नाव आलं, इंजिनवाल्याची मागची बाकी फिटली का, या गोष्टी आम्ही लग्नघरात मांडववाल्याच्या बिलाबद्दल बोलावं तितक्या दबक्या आवाजात बोलतो. बँकेतून निवृत्त झालेले काका मधेच उसासा सोडतात, “पोरगा गुणी आहे रे, पण पाठीशी कुणी नाही.” त्या पोराच्या मनगटावरचं घड्याळ काकांच्या मोटारीहून महाग असणार, हा मुद्दा कुणी काढत नाही. माया अशा तपशिलांत शिरत नाही.

आमची ही माया हिस्पानिया नावाच्या स्पॅनिश संघावर जडली, ती 2010 साली. त्या वर्षी बहारीनच्या पहिल्या शर्यतीला संघाचा ड्रायव्हर असलेल्या आपल्या करुण चंढोकची गाडी सरावाच्या वेळी तयारच नव्हती. मेकॅनिक ती जोडतच होते, जोडतच होते आणि अखेर करुण त्या गाडीतून पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला तो थेट शर्यतीतली जागा ठरवणाऱ्या क्वालिफाइंगलाच. पोहायला शिकण्याचा पहिला दिवस आणि इंग्लिश खाडीचा मुहूर्त एकच निघावा, तसं काहीसं. दुसऱ्या वर्षी नारायण कार्तिकेयन आला आणि त्याच्याबरोबर गाडीवर ‘टाटा’ ही अक्षरं आली. बॉम्बे हाउसचं नाव ग्रिडच्या शेवटच्या टोकाला का होईना, पण जगभर फिरणार, या विचाराने काकांचा ऊर भरून आला होता. गाडीचं रूप ‘ट्रॉन: लेगसी’ सिनेमासाठी काम केलेल्या डॅनियल सायमनने रेखलेलं, म्हणजे अंगावरचे कपडे अगदी नामी, पण खिशात काही नाही. जिथे प्रायोजकांची नावं असायची तिथे संघाने चक्क लिहून टाकलं होतं की ही जागा झकास आहे, इथे तुमचं नाव येऊ शकतं. हमरस्त्यावरच्या रिकाम्या होर्डिंगवर ‘जाहिरातीसाठी संपर्क’ लिहिलेलं आपण रोज पाहतो. पण तेच वाक्य तासाला तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावू लागलं की संपर्क करू इच्छिणाऱ्याने तरी ते वाचायचं कसं?

त्याच वर्षी 107 टक्क्यांचा नियम परत आला. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना पास होतात, नव्वदला पेढे वाटतात. इथली टक्केवारी उलट्या बाजूने चालते. क्वालिफाइंगच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत वेगवान गाडीला लागलेला वेळ म्हणजे शंभर, आणि तुमचा वेळ एकशे सातच्या वर गेला की रविवारी घरी बसायचं. मेलबर्नला नारायण आणि त्याचा जोडीदार लिउत्झी दोघेही वर गेले. नारायण तर तीनेक सेकंदांनी. कारणं ऐकली की हसावं की गहिवरावं कळत नाही. शर्यतीआधीच्या चाचणीत नवी गाडी धावलीच नव्हती, कारण तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कस्टममध्ये अडकले होते. हे कळलं तेव्हा बैठकीत एक विलक्षण शांतता पसरली. फेरारीचं दुःख आम्हाला कधी आपलं वाटलं नव्हतं; पण कस्टममध्ये माल अडकलाय म्हटल्यावर हिस्पानिया जणू नात्यातलीच झाली. ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नारायण त्याच गाडीतून सतरावा आला. आम्ही पेढे वाटले. पुढच्या वर्षी मेलबर्नला पुन्हा दोन्ही गाड्या नापास झाल्या आणि वर्षअखेर संघही मिटला.

जुन्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील, हे काहीच नाही. 1989 मध्ये वीस संघांच्या एकोणचाळीस गाड्या होत्या आणि शर्यतीत जागा फक्त सव्वीस. तेव्हा क्वालिफाइंगला बसण्यासाठीही एक चाळणी परीक्षा असे, शुक्रवारी सकाळी आठ वाजता. प्रेक्षक चहा पिऊन मैदानाकडे निघायचे तोवर कितीतरी संघ नापास होऊन ट्रक भरू लागलेले असत. 1990 मधला ‘लाइफ’ हा इटालियन संघ तर वर्षभरात एकदाही ही सकाळ पार करू शकला नाही. इमोलाला ब्रुनो जाकोमेल्लीने त्या गाडीत जी फेरी पुरी केली तिला सात मिनिटांहून जास्त वेळ लागला; बाकीचे दीड मिनिटाच्या आत-बाहेर होते. निरोप घेताना पाय निघत नसला की माणूस असाच रेंगाळतो.

पण माझं मन गुंततं ते 1992 च्या आंद्रेआ मोदा या संघापाशी. मालक सासेत्ती, चपलाबुटांच्या धंद्यातले. संघाचा एक ड्रायव्हर पेरी मॅकार्थी. त्याला सिल्व्हरस्टोनला कोरड्या ट्रॅकवर पावसाळी टायर लावून पाठवलं आणि हंगेरीत वेळ संपायला पाऊण मिनिट असताना. दुसरा रोबेर्तो मोरेनो. कॅनडाला संघाची इंजिनं पोचलीच नाहीत, तेव्हा त्याला ब्रॅबहॅमने एक इंजिन उसनं दिलं. हे ब्रॅबहॅमवाले स्वतः त्या वर्षी शेवटचे आचके देत होते. ज्याच्या घरी चूल नीट पेटत नाही त्यानेच शेजाऱ्याला विस्तव द्यावा, हा व्यवहार कुठल्याही ताळेबंदात बसत नाही. त्याच मोरेनोने त्याआधी मोनॅकोला, त्या अरुंद, वळणावळणांच्या गल्ल्यांतून ती गाडी सव्विसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागेवर नेऊन बसवली होती. तेव्हा पिट लेनमध्ये इतर संघांचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शर्यतीत अकरा फेऱ्यांनी इंजिन थांबलं. थांबू दे. शेवटच्या क्रमांकासाठी प्रतिस्पर्ध्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा शेवटचा क्रमांक दुसऱ्या कुठल्या खेळात मिळतो?

श्रीमंतांनाही ही चाळणी कधीकधी सोडत नाही, तेव्हा आमच्या पंथात चोरटा आनंद पसरतो. 2019 च्या अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 शर्यतीला मॅक्लॅरेन संघाकडे सगळं होतं: नाव, पैसा आणि दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो. राखीव गाडीचा नारिंगी रंग आपल्या छटेशी जुळत नाही म्हणून ती रंगवायला धाडलेली, आणि नेमकी तेव्हाच अलोन्सोची मुख्य गाडी भिंतीवर आदळली. मग शेवटच्या दिवशी इंच आणि मिलिमीटर यांच्या घोळात गाडीची उंचीच चुकली. दुसरीकडे हुंकोस नावाचा छोटा संघ. दोन प्रायोजक ऐन वेळी हात झटकून मोकळे झालेले, ड्रायव्हर काइल कायझरची गाडी शुक्रवारी चक्काचूर. रात्र जागून दुसरी उभी केली. तेहतिसाव्या आणि शेवटच्या जागेसाठी कायझर सगळ्यात शेवटी उतरला आणि दहा मैलांत सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाने अलोन्सोच्या पुढे राहिला. ज्या गाडीवर नाव लावायला पैसेवाले तयार नव्हते, तिचं नाव त्या संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी होतं. यात प्रायोजकांना काही शिकण्यासारखं असेल, तर ते त्यांनी शिकलेलं दिसत नाही.

काकांचं म्हणणं, दोष विक्रीखात्याचा आहे. गरीब संघाने मागच्या पंखावरची जागा कधी स्वस्तात देऊ नये. मी म्हटलं, “काका, शेवटच्या गाडीचा मागचा पंख पाहणार कोण? तिच्या मागे तर कुणीच नसतं.” काकांनी कपातला चहा बशीत ओतला. “असं कसं? पहिला नंबरवाला असतो ना! तो एक फेरी पुढे काढायला तिच्या मागे येतो, आणि त्याच्यावर रोखलेला कॅमेरा तेवढ्यापुरता हिच्यावरही येतो. म्हणजे जो जिंकणार, तो आधी आपली जाहिरात वाचणार.” मग काकांनी खिशातून पेन काढून कागदावर दर मांडायला घेतले, आणि चिवडेवाल्यापासून सुरुवात करावी की थेट पतसंस्थेकडे जावं, यावर बैठकीत दोन तट पडले.