रात्री गाय मोकाट सोडणाऱ्या भाऊंना खुलं पत्र

भाऊ,

काल रात्री तुमची गाय पुन्हा आमच्या सांदवाडीत शिरली. मेथी मुळासकट गेली, सांभार तुडवला गेला, पानकोबीचे शेंडे खाल्ले. वांग्याला खालून फुटवा तरी येईल. कोबीचा गाभा गेला की गड्डा धरत नाही. तुम्ही म्हणालात, "मुकं जनावर हाये ते, त्याले काय समजते?" त्याला समजत नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

आपलं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर भाजी जगत नाही. नळाला येणाऱ्या गोड्या पाण्यातून वाचवून वाचवून ही वाडी उभी केली. त्यात माती काळी. ओल्या वाफ्यात खूर रुतला की तो खड्डा वाळून दगड होतो, रोपाची मुळं आतल्या आत तुटतात.

तुमची व्यवस्था मात्र चोख. संध्याकाळी धार काढायची, वासरू घरी बांधायचं आणि गाय सोडून द्यायची. वासराच्या ओढीनं ती पहाटे आपसूक दारात हजर. दूध तुमच्या गंजात, चारा लोकांच्या वावरात!

चाऱ्याची अडचण मलाही दिसते. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, कडबा मिळेनासा झाला. आखरावरून ढोरं नेणारा गायकीही राहिला नाही. ज्याचा बैल थकला आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही, त्याची ओढाताण खरी आहे. पण तुमची गाय दुभती आहे. दुधाच्या पैशातून ढेप नाही, निदान तुरीचं कुटार तरी तिच्यापुढं टाका. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीत दिवसा चारा, कोणी अडवत नाही. आणि नुकत्याच फवारलेल्या वावरात ती शिरली तर? कोवळा हिरवा पाला खाऊन मध्यरात्री पोट फुगलं तर? तुम्ही तेव्हा झोपलेले असता.

मी बाभळीच्या काट्या लावल्या, रोपांवर शेणपाणी शिंपडलं. पावसाळ्यात सागरगोटीचं कुंपण लावणार आहे. ते दाट व्हायला काही वर्षं जातील. दावं बांधायला तुम्हाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

१८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा अजून जिवंत आहे. पिकाची नासाडी करणारं जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचा हक्क त्यानं दिला आहे. धरलेलं जनावर जबरदस्तीनं सोडवून नेणं हा गुन्हा आहे, हेही त्यात लिहिलं आहे.

गायीवर मी काठी उगारणार नाही, तिचा दोष नाही. पुढच्या खेपेला तिला पाणी पाजीन, दावं लावीन आणि थेट कोंडवाड्यात पोचवीन. पहाटे वासरू हंबरायला लागलं की दंडाचे पैसे आणि धारेचा गंज घेऊन तिकडेच या.

तुमची शेजारीण